दोन एक्स्ट्रा आणि माझी वही

मैत्रिणींनो, लोणची, पापड आणि फराळ बाजूला ठेवून आज विमानांबद्दल लिहिते. आमच्या घरात दोन विमानं आहेत. एक हॉलच्या भिंतीला उभं टेकवलेलं, दुसरं पंख काढून माळ्यावर. खेळण्यातली नव्हेत. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ८८ इंच, म्हणजे आमच्या दिवाणापेक्षा लांब. नाकात ५० सीसीचं पेट्रोलचं इंजिन, पुढं २२ इंची पंखा, आणि सगळं चालतं ते हातातल्या रेडिओवरून. अमेरिकेत मोठ्या मॉडेल विमानांची एक संघटना आहे. तिच्या व्याख्येप्रमाणे एका पंखजोडीचं विमान ८० इंच किंवा त्याहून रुंद असलं की ते ‘जायंट’. तेव्हा आमच्या वन बीएचकेत दोन जायंट आणि आम्ही दोघं असे चौघं राहतो.

दोन्हींचं नाव एकच, एक्स्ट्रा ३००. कंपनीही एकच, रंगसुद्धा थोडाफार सारखा. एक पहिली आवृत्ती, २०१३ साली घेतलेली. दुसरी त्याच कंपनीची सुधारित आवृत्ती, २०२१ची. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, ‘काकू, नवीन आल्यावर जुनं कशाला ठेवलंय?’ माझी जाऊ तर म्हणते, एवढ्या जागेत शिलाई मशीन मावलं असतं. खरं आहे. पण या दोघांत नक्की फरक काय, हे मला आमच्या ह्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे असं मी म्हणते, कारण हिशेबाची वही माझ्याकडे आहे.

आधी नावाचा खुलासा करते, कारण मलाही तो बरीच वर्षं माहीत नव्हता. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जास्तीचं नव्हे. ते आडनाव आहे. वॉल्टर एक्स्ट्रा नावाचे जर्मन इंजिनियर, स्वतः हवेत कसरती करणारे वैमानिक. आपल्याला हवं तसं विमान मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतलं. त्यांच्या एक्स्ट्रा २३०चे पंख लाकडाचे होते. मग २६० आलं. १९८८ साली ३००नं पहिलं उड्डाण केलं, त्याचे पंख कार्बन फायबरचे, इंजिन ३०० अश्वशक्तीचं, आणि एकटा वैमानिक बसला असेल तर गुरुत्वाकर्षणाच्या दहापट ताण सोसणारं. पुढं ३००एलमध्ये पंख मधून काढून खाली नेले. पॅटी वॅगस्टाफ या बाईंनी १९९१ साली अमेरिकेचं राष्ट्रीय कसरत अजिंक्यपद जिंकलं. तोवर ते कुठल्या बाईला मिळालं नव्हतं. त्यांनी ते एक्स्ट्रा २६०वर जिंकलं आणि ते विमान आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हे सगळं सांगायचं कारण, खऱ्या एक्स्ट्राचा इतिहाससुद्धा आवृत्त्यांचाच आहे. एक बनवलं, उडवलं, काय कमी पडतं ते पाहिलं, दुसरं बनवलं.

मॉडेलवाल्यांनी हे विमान उचललं त्यालाही कारण आहे. खऱ्या एक्स्ट्राच्या पंखाला वरून आणि खालून सारखाच फुगवटा असतो, त्यामुळे ते सुलटं उडतं तसंच उलटंही उडतं. लास व्हेगासला १९७४ पासून २००२ पर्यंत मॉडेल विमानांची ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ नावाची मोठी स्पर्धा व्हायची, तिथं जगभरचे उडवणारे जमायचे आणि विमानं वरचेवर मोठी होत गेली. त्यातूनच नव्वदच्या दशकात ‘थ्रीडी’ कसरती रुजल्या. विमान नाक वर करून शेपटीवर उभं राहतं, पंख्याच्या जोरावर तिथंच लटकतं. आमच्या एक्स्ट्राचं वजन आठ किलोच्या आसपास आणि पंख्याची ओढ दहा किलोहून जास्त, म्हणून ते लटकू शकतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता पडणार. ते पडलं नाही, हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिलं, आणि हे मात्र घामाघूम.

आता वही. मी १९८०ची बी.कॉम. लग्नानंतर नोकरी केली नाही. ह्यांचा इचलकरंजीला यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. त्याचे हिशेब दुसरे बघायचे, माझ्याकडे घरखर्चाचे. २०१३ला ह्यांनी विमान घेतलं तेव्हा मी एकच अट घातली, ह्याचं खातं वेगळं राहील. सांगाड्याचे ५२,००० रुपये. इंजिन, सर्व्हो, रेडिओ, बॅटऱ्या हे त्याहून निराळे, त्यांची वेगळी पानं. सांगाड्यावर मी दरसाल २५ टक्के घसारा घटत्या शिल्लक पद्धतीनं लावत गेले. २०२१ला नवीन आलं त्या दिवशी जुन्याची पुस्तकी किंमत ५,२०६ रुपये होती. ह्यांना तो आकडा दाखवला तर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

कॉमर्स शिकलेल्यांना आठवत असेल, खर्च दोन प्रकारचे. मोडलेलं पूर्वीसारखं करायला जो लागतो तो महसुली. वस्तूची ताकद किंवा आयुष्य पहिल्यापेक्षा वाढवतो तो भांडवली. परीक्षेत यावर हमखास प्रश्न यायचा. कारखान्याचं छप्पर शाकारलं तर कुठला, पत्र्याच्या जागी स्लॅब घातला तर कुठला. विमानाच्या प्रत्येक नोंदीपुढं मी ‘म’ किंवा ‘भां’ लिहायला लागले, निव्वळ सवयीनं. ह्यांना त्याची गंमत वाटायची. पण आठ वर्षांनी त्या दोन अक्षरांमुळेच मला दोन आवृत्त्यांमधला फरक कळला.

पहिली ‘भां’ नोंद उतरण्याच्या पायांची आहे. जुन्याला ॲल्युमिनियमचे पाय होते. जरा जोरात उतरलं की ते फाकायचे, हे ते व्हाइसमध्ये धरून सरळ करायचे. तीन वेळा सरळ केले, तीन ‘म’. चौथ्यांदा आमच्या धाकट्या पुतण्यानं कार्बन फायबरचे पाय मागवून दिले. ते वाकतात आणि परत जागेवर येतात, वजनालाही हलके. ‘भां’. पुतण्या शिरोलीला फाउंड्रीत आहे, विमानाचं वेड ह्यांच्याकडूनच घेतलेलं.

दुसरी नोंद इंजिन बसतं त्या प्लायवूडच्या फळीची. ५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन सुरू होताना आणि बंद पडताना सगळ्या सांगाड्याला गदागदा हलवतं. दोन वर्षांत त्या फळीच्या कोपऱ्यांतला गोंद सुटायला लागला. ह्यांनी आतून तिकोनी पट्ट्या लावल्या, कार्बनची फीत इपॉक्सीनं चिकटवली. पुन्हा कधी सुटला नाही. ‘भां’.

तिसरी नोंद जरा सविस्तर सांगते. फेब्रुवारी २०१६. आम्ही जयसिंगपूरच्या पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड माळावर जातो. पलीकडच्या शेतात ऊसतोड चालली होती, आठ-दहा माणसं, दोन लहान मुलं, बैलगाडी. ती माणसं असतील तोवर विमान त्या बाजूला न्यायचं नाही हा नियम ह्यांचाच. मी थर्मास उघडत होते. विमान वरून खाली वेगानं आलं आणि एकदम मिक्सरमध्ये चमचा पडावा तसा आवाज आला. शेपटीचा एक भाग थरथरत होता. डोळ्याला फक्त धूसर दिसत होता इतक्या वेगानं. दुसऱ्या क्षणी एलिव्हेटरचा डावा अर्धा भाग लोंबायला लागला.

याला ते ‘फ्लटर’ म्हणतात. हलणारा भाग आणि त्याला हलवणारी मोटर, म्हणजे सर्व्हो, यांच्या जोडणीत जरासुद्धा खुळखुळ असली, बिजागरीच्या फटीतून हवा जात असली, की ठरावीक वेगाला तो भाग वाऱ्यावरच्या फडक्यासारखा फडफडतो आणि काही सेकंदांत स्वतःलाच उपटून टाकतो. जुन्या आवृत्तीत सर्व्होची तार एकाच बाजूनं प्लॅस्टिकच्या एका हॉर्नला अडकवलेली होती. ते हॉर्नच उपटलं होतं. नशीब असं की एलिव्हेटरचे दोन अर्धे दोन वेगळ्या सर्व्होंवर असतात. उजवा अर्धा शाबूत होता. ह्यांनी वेग कमी केला, मोठं वळण घेऊन उसाच्या उलट्या बाजूनं विमान आणलं आणि माळावर उतरवलं. सगळा वेळ तोंडातून शब्द नाही. उतरल्यावर मात्र खाली बसले. सात-आठ किलोचं यंत्र, पुढं मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेरे घेणारा पंखा, आणि पलीकडं मुलं. आम्ही दोघंही घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

त्यानंतर दीड महिना विमान उडालं नाही. दोन्ही बाजूंनी धरणारी फायबरग्लासची जोडहॉर्नं बसवली, तारेच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे, जास्त ताकदीचे सर्व्हो. आणि बिजागरीच्या फटी खालच्या बाजूनं पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवून बंद केल्या. ते काम माझं. विमानाचा बाल्साचा सांगाडा रंगीत प्लॅस्टिक फिल्मनं मढवलेला असतो आणि ती फिल्म इस्त्रीनं लावतात. कमी उष्णतेवर ती चिकटते, जास्त उष्णतेवर आवळते. हे गणित ज्यांनी ऑर्गंडीच्या साड्यांना इस्त्री केली आहे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडं एप्रिलमध्ये उन्हात ठेवलं की फिल्मला सुरकुत्या पडतात, पावसाळा संपला की पुन्हा पडतात. तेव्हापासून दर हंगामाला दोन दुपारी माझ्या त्यातच जातात. ह्यांनी एकदा करून पाहिलं आणि पंखाला लिंबाएवढं भोक पाडलं.

ज्यांच्याकडून विमान घेतलं त्यांना ह्यांनी फोटोसकट सगळं लिहून कळवलं होतं. असा अनुभव दुसऱ्या कुणाचा नाही, तुम्हीच जोडणी नीट केली नसेल, असं उत्तर आलं. ह्यांना ते फार लागलं. आयुष्यभर ज्यांनी सुटे भाग दशांश मिलिमीटरमध्ये मोजले त्यांना असं म्हणणं. नाव लिहीत नाही, आता जुनी गोष्ट झाली.

लॉकडाऊननंतर पुतण्यानं नव्या आवृत्तीची माहिती आणून दाखवली. जुन्यापेक्षा काय काय बदललंय याची नऊ मुद्द्यांची यादी होती. ह्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अगं, तुझी वही आण.’ मी आणली. यादी एका बाजूला, वही दुसऱ्या बाजूला ठेवून आम्ही टिक करत गेलो. कार्बनचे पाय, वहीत आहेत. इंजिनाच्या फळीला कार्बनची जोड, आहे. फायबरग्लासची जोडहॉर्नं, आहे. गोळीचे सांधे, आहे. बिजागऱ्यांची फट बंद केलेली, आहे. वरचं काचेचं झाकण चार स्क्रूंऐवजी एका खटक्यावर, तेही पुतण्यानं २०१७ला करून दिलेलं होतं. नवापैकी सहा गोष्टी माझ्या वहीत ‘भां’ म्हणून आधीच लिहिलेल्या. ह्यांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. पत्राला जे उत्तर मिळालं नव्हतं ते यादीत मिळालं.

पण उरलेल्या तीन गोष्टी माझ्या वहीत कुठंच नव्हत्या. ‘म’मध्ये नाही, ‘भां’मध्येही नाही. त्या तिघींबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे.

एक, वजन. जुनं आलं तेव्हा ७.९ किलो होतं. प्रत्येक सुधारणेत थोडी इपॉक्सी, थोडी फीत, थोडी फिल्म. कुठं वीस ग्रॅम, कुठं साठ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी प्रत्येक तुकडा मोजून लिहिलेला आहे. शिवाय शेपूट जड असल्यामुळं तोल साधायला नाकात १८० ग्रॅम शिसं पहिल्यापासूनच होतं. आठ वर्षांत विमान ८.३ किलोवर गेलं. नवीन ७.४. तेवढंच लांब, तेवढंच रुंद, आणि तेवढंच मजबूत. त्यांनी काय केलं, तर जिथं ताण येत नाही तिथलं लाकूड लेसरनं कोरून काढलं, जिथं येतो तिथं कार्बन घातला, आणि शेपूट हलकी केली म्हणून शिशाची गरजच राहिली नाही. पंखाच्या एका चौरस डेसिमीटरवर जुन्यात ८९ ग्रॅम भार पडतो, नव्यात ७९. ज्या वेगाखाली पंख उचलायचं सोडतो तो वेग भाराच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणजे नवीन साडेपाच टक्के जास्त सावकाश उडू शकतं. घरची डागडुजी फक्त मिळवू शकते. वजा करायचं तर मुळातून नव्यानं आखावं लागतं.

दोन, पंखाचा आकार. जुनं उतरताना वेग जरा कमी झाला की एक पंख अचानक पडायचा, म्हणून ह्यांना ते वेगातच आणावं लागे. नव्याच्या पंखाची पुढची कड जास्त गोल आहे आणि टोकाकडं तो कमी निमुळता होतो. सावकाश आणलं तरी डुलत डुलत खाली येतं. याचा एक फायदा कंपनीनं यादीत लिहिलेला नाही. आमच्या माळावर मार्चनंतर टिटव्या अंडी घालतात. उघड्यावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी. मी आधी सगळा माळ पायी फिरून येते आणि जिथं अंडी दिसतील तिथं लांबून काठीला लाल चिंधी बांधून लावते. जुन्याला उतरून थांबायला माझी सत्तर पावलं लागायची, म्हणून एप्रिल-मेमध्ये उडवणं बंदच. नव्याला चाळीस-पंचेचाळीस पुरतात. पश्चिमेचा अर्धा माळ टिटव्यांना सोडून देता येतो. माझ्या दृष्टीनं ही त्या यादीतली दहावी आणि सगळ्यांत मोठी सुधारणा.

तीन, शेपटीच्या आडव्या पंखांची जागा. विमान कुशीवर आडवं करून फक्त रडरच्या जोरावर उडवतात त्याला नाइफ-एज म्हणतात. जुनं तसं उडवलं की ते हळूच पोटाकडं वळायचं आणि सुलटं व्हायला बघायचं. हे आठ वर्षं डाव्या हातानं रडर आणि उजव्या अंगठ्यानं त्याची उलट भरपाई करत राहिले. पुढं रेडिओत तसं मिश्रण भरून ठेवता येतं हे पुतण्यानं दाखवलं, पण विमानाची खोड होती तिथंच होती. नव्यात त्या पंखांची उंची आणि इंजिनाचा कोन जरासा बदलला आहे आणि खोड गेली. यासाठी वहीत नोंद का नाही, तर त्यात काही मोडलंच नव्हतं. जे मोडतं त्याचा खर्च येतो, खर्च येतो म्हणून नोंद होते, नोंद होते म्हणून कधीतरी सुधारणा होते. जे मोडत नाही, नुसतंच चुकीचं आहे, ते माणूस अंगठ्यानं सांभाळून घेतो. आणि किती सांभाळतो आहे हे त्याचं त्यालाही कळत नाही.

इथपर्यंत नवीन आवृत्ती सरसच आहे. मग जुनं का ठेवलं? कारण २०२३ साली ह्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच सुमाराला उजव्या अंगठ्याला बारीक कंप सुरू झाला. चहाचा कप धरताना दिसत नाही, सुईत दोरा ओवताना दिसतो, तेवढा.

नवीन विमान अंगठ्याला फार लवकर उत्तर देतं. त्याचा एलिव्हेटर पंचेचाळीस अंशांपर्यंत हलतो, वजन कमी, त्यामुळं केसाएवढ्या हालचालीला ते डोकं हलवतं. पुतण्याच्या हातात ते नाचतं. ह्यांच्या हातात शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा दिलं तर सरळ उडतानासुद्धा ते बारीक बारीक होकार देत होतं. आम्हा तिघांनाही दिसलं. जुनं जड विमान मात्र तो कंप गिळून टाकायचं. वाऱ्यातही ते रुळावरून गेल्यासारखं जायचं. म्हणजे ज्या ८.३ किलोंना मी वर नावं ठेवली तेच ह्यांच्या उपयोगी पडत होते. तेव्हापासून नवीन पुतण्या उडवायचा, जुनं हे. लटकणं वगैरे सोडून दिलं होतं, नुसते मोठे गोल लूप आणि सावकाश रोल. मला तेच जास्त आवडतात.

डोळ्यांचंही सांगते. २०२१च्या ड्रोन नियमांत छंदासाठी उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची व्याख्या आहे, त्यात ते नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असलं पाहिजे असं म्हटलं आहे. नियम नसता तरी हीच गोष्ट खरी, विमान कसं वळलंय हे दिसलं नाही तर रेडिओ हातात असून उपयोग नाही. जुन्याचे पंख वरून-खालून सारखेच पांढरे-निळे. संध्याकाळच्या आकाशासमोर सुलटं की उलटं कळायचं नाही. नव्याच्या पंखांखाली काळ्या-पिवळ्या ठळक चौकटी आहेत. मी पुतण्याकडून दोन रंगांची फिल्म मागवून जुन्याच्या पंखांखाली पाच पाच पट्टे इस्त्री करून लावले. वीस ग्रॅम वजन वाढलं. ‘भां’.

पण लाकूड आणि गोंद यांचंही वय होतं, आणि ते वहीतल्या घसाऱ्यासारखं दरसाल ठरल्याप्रमाणं होत नाही. २०१६ची ती दुपार मी विसरलेली नाही. म्हणून २०२३च्या दिवाळीत मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन अटी लिहिल्या आणि ह्यांची सही घेतली. पंखाच्या मुळाशी कुठंही भेग दिसली तर, इंजिनाच्या फळीचा गोंद पुन्हा सुटला तर, किंवा उडताना ओळखीचा नसलेला कुठलाही आवाज आला तर, जुनं विमान त्या दिवसापासून बंद. दुरुस्ती नाही. कारण ह्यांना मी ओळखते. दुरुस्ती म्हटलं की ते काहीही जोडून दाखवतील.

‘आणि मग मी काय उडवायचं?’ सही करताना त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘ते तेव्हा बघू.’

दोन हंगाम निघाले. यंदा पावसाळ्यानंतर पुतण्या रविवारी आला आणि दोघं बॅटरीच्या उजेडात सांगाडा तपासायला बसले. मी आतून कव्हरिंगची इस्त्री गरम करून आणली तर दोघंही गप्प. पंखाची नळी शरीरात जिथं शिरते तिथल्या पहिल्या फासळीत, डाव्या बाजूला, नखाएवढी भेग. पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. ‘काकी, ही बाहेरच्या थराची असू शकते,’ तो म्हणाला. मी काहीच बोलले नाही. वहीसुद्धा काढली नाही. ह्यांनीच पाना मागितला, इंजिनाचे चारही बोल्ट स्वतः सोडवले, इंजिन फडक्यावर ठेवलं आणि कार्ब्युरेटरचं तोंड चिंधीनं बंद केलं, धूळ जाऊ नये म्हणून.

त्यानंतरचे तीन रविवार पुतण्या नव्या विमानाचा रेडिओ घेऊन बसला. रेडिओत एक सोय असते. अंगठा मधल्या भागात हलला तर विमान थोडंच ऐकतं, टोकाकडं नेला तर पुरतं ऐकतं. तो वक्र त्यानं ह्यांच्यासाठी पुष्कळ मऊ केला, हलण्याचा कोन पंचेचाळीसवरून बारा अंशांवर आणला आणि हे सगळं एका खटक्यावर ठेवलं. खटका वर, काकांचं विमान, खाली, पुतण्याचं. जायरोसुद्धा बसवू म्हणत होता, विमान आपणच आपला तोल सांभाळतं त्यानं. ह्यांनी तेवढं मात्र नको म्हणून सांगितलं. मला वाटतं, बसवलं असतं तरी चाललं असतं, पण तो त्यांचा प्रश्न.

चौथ्या रविवारी ह्यांनी नवीन उडवलं. अकरा मिनिटं. दोन लूप, एक सावकाश रोल, एकदा नाइफ-एज, तेही माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि उजव्या अंगठ्याला त्यात काही करावंच लागलं नाही. विमानानं होकार दिले, पण थोडेच. उतरल्यावर मी पावलं मोजली, त्रेचाळीस. ‘जरा जास्तच मऊ केलंय यानं,’ म्हणाले, आणि पुन्हा पेट्रोल भरायला लागले. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं म्हणून मी घाई करत होते, तरी दुसरी फेरी झालीच.

जुन्याचं खातं मी अजून बंद केलेलं नाही. पुस्तकी किंमत १,६४७ रुपये उरली आहे, इंजिन आणि सर्व्हो त्यांच्या पानांवर आहेतच. सांगाडा पुतण्या फाउंड्रीतल्या ऑफिसात टांगायला मागतोय. कार्बनचे पाय तेवढे काढून ठेवले आहेत, नव्याला राखीव म्हणून. भोकांचं अंतर तीन मिलिमीटरनं वेगळं आहे, नवीन भोकं पाडली तर कार्बन चिरतं की काय ते हे उद्या बघणार आहेत. झालं तर ती नोंद कुठल्या अक्षराची, ते मी अजून ठरवलेलं नाही.